हिरवी पट्टी

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे मला दोन गोष्टींनी शिकवलं. एक, बी. कॉम.च्या ऑडिटिंगच्या पेपरानं आणि दुसरी, बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीनं. (हल्ली आम्हा कारकुनांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव लांबलं, खिडकी आहे तेवढीच आहे.) अशा माणसावर स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोसमोर ‘पुरावा नाही पण खरं सांगतोय’ असं म्हणायची पाळी यावी, याला दैवदुर्विलास म्हणतात.

प्रसंग साधा होता. आमच्या सोसायटीतलं महिला मंडळ दर दिवाळीला फराळ करून विकतं आणि त्याची नोंदणी सोसायटीच्या वेबसाइटवर होते. गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी मी संगणकापुढे बसलो, चकली एक किलो, चिवडा एक किलो, अनारसे पाव किलो (भाव बघून) असं सगळं नीट भरलं आणि ‘पाठवा’वर टिचकी मारली. पान बदललं आणि वर एक सुंदर हिरवी पट्टी उमटली : ‘आपली नोंद झाली आहे. धन्यवाद!’

आयुष्यात मला पहिल्या प्रयत्नात फारसं काही जमलेलं नाही. त्यामुळे मी ओरडलो, “अगं, लवकर ये! झालं!”

ही कणीक मळत होती. ती तशाच हातांनी बाहेर आली. तिला नीट दिसावं म्हणून मी पान जरा वर सारायला गेलो आणि बोट कुठंतरी भलतीकडेच लागलं. पान एकदा लुकलुकलं. पट्टी गेली.

“कुठाय?” ही म्हणाली.

“आत्ता होती. हिरवी होती. पट्टी.”

“हिरवी?”

“हो. ‘धन्यवाद’ म्हणाली.”

हिनं पालथा हात माझ्या कपाळाला लावून बघितला. पालथा अशासाठी, की सुलट्याला कणीक होती.

माझा भाचा, म्हणजे थोरल्या ताईचा मुलगा, हिंजवडीत प्रोग्रामर आहे आणि राहायला आमच्याकडे आहे. सोसायटीची वेबसाइट त्यानंच फुकटात करून दिली आहे. फुकट काम करणाऱ्याला जेवढ्या शिव्या खाव्या लागतात, तेवढ्या सगळ्या त्यानं नियमानं खाल्लेल्या आहेत. तो कानातली ती बोंडं काढून शांतपणे म्हणाला, “मामा, तो फ्लॅश मेसेज आहे. एकदाच दिसतो.”

“एकदाच का?”

“कारण तो एकदाच दिसायला पाहिजे.”

हे उत्तर मला उपनिषदातल्यासारखं वाटलं. पण आमच्या सोसायटीनं या ज्ञानाची किंमत चकल्यांत मोजलेली आहे, त्यामुळे मी ते हसण्यावारी नेलं नाही.

त्याचं असं झालं. तीन दिवाळ्यांपूर्वी वेबसाइट नवी होती. तेव्हा तुम्ही ‘पाठवा’ म्हटलं की तिथल्या तिथंच ‘नोंद झाली’ असं उत्तर यायचं. तळमजल्यावर आमचे निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांनी एक किलो चकली नोंदवली. आता मास्तरांना एक सवय आहे. पान उघडलं की वरचा तो गोल बाण दाबायचा. ‘ताजं झालेलं बरं,’ असं त्यांचं म्हणणं. त्यांनी बाण दाबला, तशी संगणकानं इंग्रजीतून चौकशी केली की, ही माहिती पुन्हा पाठवू का? मास्तर जुन्या वळणाचे. कुणी अदबीनं विचारलं तर त्याला नाही म्हणायचं नाही. ते ‘हो’ म्हणाले. संध्याकाळपर्यंत असं पाच वेळा झालं. वसुबारसेला महिला मंडळाच्या दोन सभासद मास्तरांच्या दारात सहा किलो चकली घेऊन उभ्या होत्या. घरात माणसं दोन आणि दोघांनाही कवळी. तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराच्या हातात चकली दिसायची.

“तेव्हा चुकलं काय होतं?” मी भाच्याला विचारलं.

“तुम्ही फॉर्म पाठवलात आणि त्याच्याच उत्तरादाखल पान आलं, की त्या पानाच्या पाठीला तो फॉर्म चिकटलेला असतो. पान ताजं करायचं म्हणजे तोच फॉर्म पुन्हा द्यायचा.”

“म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे काढायची स्लिप दिली, पैसे घेतले, आणि तीच स्लिप पुन्हा खिडकीतून आत सरकवली—”

“आणि तुम्ही पुन्हा पैसे दिलेत.”

मी पाणी प्यालो.

“म्हणून,” भाचा म्हणाला, “सर्व्हरनं काम झालं की तिथं उत्तर द्यायचंच नाही. फक्त सांगायचं, आता त्या दुसऱ्या पानावर जा. याला रीडायरेक्ट म्हणतात. मग तिथं जाऊन बाण कितीही दाबा, नुसतं पान ताजं होतं, फॉर्म परत जात नाही. त्यासाठी खास नंबरसुद्धा आहे, थ्री नॉट थ्री.”

थ्री नॉट थ्री म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पोलिसाच्या खांद्यावरची बंदूक आली. पण हा नंबर वेबच्या नियमावलीतला, १९९७ साली आलेला. ‘सी अदर’ असं त्याचं नाव. म्हणजे ‘दुसरीकडे बघा’. (पुष्कळ मंडळी अजूनही ३०२ वर भागवतात म्हणे. कायद्यातल्या जुन्या ३०२ शी त्याचा संबंध नाही, हे मी विचारून घेतलं.) हे ऐकून मला भरून आलं. बावीस वर्षं मी खिडकीत बसून दिवसाला शंभर माणसांना दुसरं काय सांगत आलोय? ‘इथं नाही, पाच नंबरला जा.’ ज्याला आमचे लोक उद्धटपणा म्हणतात त्याला जगानं नंबर दिलेला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या दिवाळीला भाच्यानं तसं करून टाकलं. चकल्या वाढायच्या थांबल्या. पण दुसरंच दुखणं उभं राहिलं. ‘पाठवा’ म्हटलं की माणूस थेट पहिल्या पानावर येऊन पडे. तिथं सोसायटीच्या गणपतीचा फोटो आणि पाण्याच्या वेळा. फॉर्म गेला की नाही, कुणी घेतला की नाही, काहीही कळायला मार्ग नाही. गणपती नुसता बघत असे. मग लोक सेक्रेटरींना फोन करत. सेक्रेटरी दुपारी झोपतात, हे माहीत असल्यामुळे दुपारी करत.

“अरे, पण त्या दुसऱ्या पानाला एवढंही सांगता येत नाही का, की या माणसाची नोंद झालीय म्हणून?”

“मामा, सर्व्हर जन्मजात विसराळू असतो. प्रत्येक हाक त्याला नवीन. मगाशी आलेला माणूस तो हाच, हे त्याला कळतच नाही.”

असे सहकारी मी पाहिलेले आहेत, त्यामुळे मला हे पटलं.

मग भाच्यानं एक तोड काढली. निरोप त्यानं पानाच्या पत्त्यातच शेवटी चिकटवून दिला. ज्या पत्त्यावर माणूस जाईल, तिथं तो पत्ताच वाचून ‘आपली नोंद झाली आहे’ असं छापलं जायचं. दोन दिवस उत्तम चाललं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी स्वतःची नोंदणी केली आणि लोकांची सोय व्हावी म्हणून समोर दिसत होता तो सबंध पत्ता उचलून सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर टाकला : ‘सर्वांनी इथे फराळाची नोंदणी करावी.’ लोकांनी तो उघडला. प्रत्येकाला दिसलं, ‘आपली नोंद झाली आहे. धन्यवाद!’ काही न भरताच नोंद झाल्याचा लोकांना कोण आनंद झाला! ‘याला म्हणतात कारभार,’ असंही कुणी म्हणाल्याचं मला आठवतं. त्या वर्षी प्रत्यक्षात चार जणांची नोंद झाली होती. बाकीच्यांनी फराळ बाहेरून आणला आणि महिला मंडळात दोन तट पडले ते अजून सांधलेले नाहीत. त्यातच बी विंगमधल्या एका कार्ट्याच्या लक्षात आलं, की पत्त्यातली अक्षरं बदलली की पट्टीतली अक्षरंही बदलतात. तो बदललेला पत्ता ज्यानं उघडला त्याला सोसायटीच्या अधिकृत वेबसाइटवर, हिरव्या पट्टीत, ‘सेक्रेटरींचं वजन वाढलं आहे’ असं वाचायला मिळालं. ते खरं होतं, म्हणून तर प्रकरण जास्त चिघळलं. भाच्याला कमिटीपुढे उभं राहावं लागलं.

आणि म्हणून या खेपेला हा फ्लॅश मेसेज.

त्याची घडण भाच्यानं सांगायला घेतली तेव्हा मी त्याला मध्येच थांबवलं. कारण ती मला माहीत होती! २००३ साली मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत पितळी टोकनं चालू होती. स्लिप दिली की गिऱ्हाइकाच्या हातात नंबराचं टोकन. कॅशियर गिऱ्हाइकाला ओळखत नसे, टोकनाला ओळखे. विसराळू सर्व्हरचंही नेमकं तसंच. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली नावाच्या गृहस्थानं ‘कुकी’ काढली. खायची नव्हे, तेच आपलं टोकन. ते तुमच्याकडे राहतं आणि प्रत्येक हाकेबरोबर आत जातं. आत त्या नंबराचा एक खण असतो. पहिली खिडकी काम करते, खणात चिठ्ठी टाकते, ‘यांची नोंद झाली’, आणि तुम्हाला म्हणते, थ्री नॉट थ्री. तुम्ही दुसऱ्या खिडकीशी जाता. ती टोकन बघते, खण उघडते, चिठ्ठी मोठ्यानं वाचते आणि फाडून टाकते.

“फाडायची कशाला?”

“नाहीतर मास्तर पाण्याच्या वेळा बघायला आले तरी, ‘चकलीची नोंद झाली आहे’. मार्चपर्यंत.”

२००४ साली ‘रुबी ऑन रेल्स’ नावाची वेबसाइटी बांधायची एक चौकट आली. तिच्यात या चिठ्ठीला फ्लॅश म्हणतात. वीज चमकावी तशी ती एकदा चमकते आणि जाते. ऐकायला सगळं चोख. पण बावीस वर्षं खिडकीत बसलेल्या माणसाला एक शंका येणारच.

“आणि ऐकणाऱ्याचं लक्ष नसलं तर?”

भाचा पहिल्यांदाच जरा गप्प झाला. मग म्हणाला, “तिथं भानगडी आहेत.” आणि त्यानं त्या एकामागून एक सांगितल्या. तुम्ही साइट दोन टॅबमध्ये उघडून बसला असाल, तर टोकन दोन्हींचं एकच. नोंदणी या टॅबमध्ये करायची आणि ‘झाली’ म्हणून पट्टी त्या टॅबमध्ये, आंब्याच्या पेट्यांच्या जाहिरातीशेजारी. कधी दुसरी खिडकी म्हणते, ‘इथं नाही, तिसरीकडे जा’, की मधल्याच खिडकीशी चिठ्ठीची मुदत संपते. आणि कधी पान उघडताना त्याच्या पोटातून आणखी दोनचार हाका परस्पर जात असतात, आकडा आण, यादी आण अशा; त्यातली एखादी आधी पोचली तर चिठ्ठी तिच्याच नावावर फाडली जाते. आमच्या शाखेत साहेबांसाठी सांगितलेला चहा वाटेत असाच दुसऱ्याच्या नावावर संपायचा.

“रेल्समध्ये तर पुढच्या हाकेला चिठ्ठी गेलीच समजा,” भाचा म्हणाला, “तुम्ही वाचा नाहीतर नका वाचू. मुद्दाम ‘राहू दे’ म्हणून सांगितलं तर आणखी एक फेरी टिकते. जंगो म्हणून दुसरी एक चौकट आहे, तिच्यात मात्र वाचली जाईपर्यंत ठेवतात.”

“वाचली म्हणजे कुणी? माणसानं?”

“नाही. पानावर छापली की वाचली. माणसानं वाचली की नाही, ते सर्व्हरला कुठून कळणार?”

इथं विषय संपला असता. चकली आली (एक किलोच आली), दिवाळी झाली आणि नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबर हा आम्हा बँकवाल्यांचा अधिक मास. सगळे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत हे समोर उभं राहून सांगितलं तरी चालत नाही, लिहून द्यावं लागतं. २०१४ पासून अंगठा लावून संगणकावर दाखला देण्याची ‘जीवन प्रमाण’ म्हणून सोय आहे. पण जन्मभर भांडी घासलेल्या अंगठ्यावरच्या रेषा यंत्राला सापडत नाहीत, मग कागद.

अशाच एक आजी. फॅमिली पेन्शनवर एकट्या राहतात. सोमवारी त्यांनी दाखला दिला, मी तो घेतला, संगणकात नोंदवला आणि मान वर न करता म्हणालो, “झालं आजी. पुढचे कोण?” मंगळवारी त्या पुन्हा रांगेत. बुधवारी पुन्हा. “बाळ, तेवढं माझं दाखल्याचं झालं का रे?”

“आजी, सोमवारी सांगितलं ना एकदा!” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच असावा, कारण मागची रांग गप्प झाली.

आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “सांगितलंस रे. मी ऐकलंही. पण घरी जाईपर्यंत टिकलं नाही.”

आणि एकदम माझ्या डोळ्यांपुढे हिरवी पट्टी आली. पान लुकलुकतंय, पट्टी नाही आणि मी सांगतोय, होती हो, आत्ता होती. माझं फार तर चकलीचं नुकसान होतं. या बाईंची पेन्शन अडली तर डिसेंबरात दूध बंद. त्या तीन दिवस बस बदलून येत होत्या ते माझा एक शब्द पुन्हा ऐकायला, आणि मी तो फाडून टाकून पुढच्याला हाक मारली होती.

खरं म्हणजे दाखला घेतला की सही करून पोच द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. पण रांग दारापर्यंत गेली की नियमातला एखादा कागद आपोआप गळतो, आणि तो गाळणारा कुणी दुसरा नव्हता. मी पोच लिहिली. तारीख घातली, शिक्का मारला, सही केली. आजींनी ती वाचली, घडी केली, पिशवीतल्या पाकिटात ठेवली, पाकीट पिशवीत ठेवलं. मग पुन्हा काढून एकदा वाचली आणि गेल्या. गुरुवारी त्या आल्या नाहीत.

त्या रात्री जेवताना मी भाच्याला म्हणालो, “तुझी पट्टी चमकू दे हवी तेवढी. पण ती काही पावती नव्हे. खिडकीत ‘झालं’ म्हटलं तरी पासबुकात नोंद लागते. माणसाला चार दिवसांनी येऊन बघता आलं पाहिजे.” भाच्यानं वाद घातला नाही. वेबसाइटवर त्यानं ‘माझ्या नोंदी’ म्हणून एक पान केलं. तारीख, वेळ, काय मागवलं, सगळं तिथं कायम. मास्तर रोज एकदा जाऊन ते ताजं करतात. चकली एकच किलो राहते.

पण मी जेवणाचं सांगत होतो. पुन्हा सगळा पाढा वाचणं चाललं होतं : चिठ्ठी, खण, दुसऱ्याच्या नावावर फाडलेला निरोप. आई ताक पीत ऐकत होती. तिला यातलं काही कळत असेल असं मला वाटलं नव्हतं. ती भांडं खाली ठेवून म्हणाली, “तुझ्या बाबांचं तसंच झालं.”

“काय झालं?”

“तुला बँकेतून पत्र आलं त्या दिवशी. तुला सांगायला म्हणून बाहेरच्या खोलीत आले ते. तू पेढे आणायला गेलेला. मग आत येऊन मलाच म्हणाले.”

आमचे बाबा फार कमी बोलत. जे बोलत तेही एकदाच. पुन्हा विचारलं तर ‘सांगितलं ना’ म्हणत. (माझ्या खिडकीतला आवाज कुठून आला, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.) माझ्या नोकरीबद्दल ते एका शब्दानं काही बोलले नाहीत, असं मी धरून चाललो होतो. त्यांना जाऊन २०११ पासून इतकी वर्षं झाली, तरी तसंच धरून चाललो होतो.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, आता मला झोप लागेल.”

ताटातल्या आमटीकडे मी थोडा वेळ बघत राहिलो.

“आणि तू मला आज सांगतेस? बावीस वर्षांनी?”

“मला वाटलं, सांगतील तुला कधीतरी. त्यांचा निरोप, मी कशाला मध्ये पडू?” आई म्हणाली, “मग राहूनच गेलं. पण ठेवला होता हो मी.”

कुणी काही बोललं नाही. ही उठली आणि कुणी मागितला नसताना मला भात वाढला.

पानं उचलल्यावर भाचा पुन्हा कानात बोंडं घालून संगणकापुढे बसला. ‘माझ्या नोंदी’चं पान पुरं होत आलं होतं. मी मागं उभा राहून बघितलं. अक्षरं ठसठशीत, रकाने सरळ, बेरीज खाली उजवीकडे, जिथं असायला पाहिजे तिथंच.

“छान झालंय रे,” मी म्हणालो.

तो टाइप करत राहिला. त्याला काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. दहाएक मिनिटांनी त्यानं बोंडं काढली आणि म्हणाला, “काही म्हणालात का मामा?”

“हो,” मी म्हणालो. “छान झालंय.”